तांबड्यापलीकडील प्रकाश आणि त्याच्या गाळण्या

प्रस्तुत सदराकडे येणाऱ्या पत्रांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार डोकावूं लागला आहे. २०२२ सालापासून जेम्स वेब या अवकाशांतील दुर्बिणीनें घेतलेलीं तेजोमेघांचीं रंगीत चित्रें वर्तमानपत्रांत छापून येऊं लागलीं, आणि तीं पाहून घरोघर दोन पक्ष पडले आहेत असें दिसतें. कॉलेजांत जाणारी पिढी म्हणते, “हीं खरीखुरीं छायाचित्रें आहेत.” आजोबा चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, “रंग कोणी तरी मागाहून भरलेले आहेत. असलें आकाश आम्हीं उभ्या जन्मांत पाहिलें नाहीं.” निवाडा मात्र आमच्याकडे सोपविण्यांत येतो. आमचा निवाडा असा कीं, दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धें अर्धें खरें आहे. उरलेलें अर्धें समजून घ्यावयाचें तर दुर्बिणीच्या भल्या थोरल्या आरशाकडे न पाहतां, तिच्या कॅमेऱ्याच्या पोटांत दडलेल्या, एखाद्या नाण्याएवढ्या किंवा फार तर तळहाताएवढ्या कांचेच्या चकतीकडे पाहिलें पाहिजे. या चकतीस फिल्टर म्हणतात. आपण तिला प्रकाशाची गाळणी म्हणूं.

डोळ्यांस न दिसणाऱ्या या प्रकाशाचा शोधच मुळीं गाळण्यांच्या पायीं लागला. विल्यम हर्शेल हा मूळचा वादक व संगीतरचनाकार. ज्योतिषाच्या नादानें त्यानें स्वहस्तें दुर्बिणींचे आरसे घासले आणि १७८१ सालीं युरेनस ग्रह शोधून काढला. सूर्याचें निरीक्षण करतांना डोळे दिपूं नयेत म्हणून तो निरनिराळ्या रंगांच्या कांचा वापरीत असे. (आमच्या बाळगोपाळ वाचकांनीं हें मुळींच करूं नये; दुर्बिणींतून सूर्य पाहणारा बहुधा पुन्हां कांहीं पाहत नाहीं.) तेव्हां त्याच्या ध्यानांत एक विचित्र गोष्ट आली. कांहीं कांचांतून उजेड फारसा येत नसे, पण ऊष्मा मात्र चांगला जाणवे. दुसऱ्या कांहींतून उजेड पुष्कळ, पण ऊष्मा नाहींसा. दुसऱ्या कोणी सोयीची कांच निवडून आपलें काम पुढें चालविलें असतें. हर्शेल तेथेंच थांबला. १८०० सालीं त्यानें सूर्यप्रकाश लोलकांतून पाठवून त्याचा सप्तरंगी पट्टा मेजावर पाडला आणि एकेका रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस काळोखाखेरीज कांहींच दिसत नव्हतें, तेथें पारा सर्वांत अधिक चढला. या न दिसणाऱ्या किरणांस आपण आतां अवरक्त किरण म्हणतों.

ज्यांच्या घरीं लोलक नाहीं त्यांनीं दूरचित्रवाणीचा रिमोट घ्यावा. त्याच्या टोकाशीं असलेल्या बारीक दिव्याकडे पाहत कळ दाबली तर डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं. तोच दिवा अंधाऱ्या खोलींत मोबाइलच्या कॅमेऱ्यांतून पाहावा. बहुधा फिकट जांभळट ठिपका लुकलुकतांना आढळेल. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यांत ठिपका दिसतो आणि पाठीमागच्या चांगल्या कॅमेऱ्यांत तो अगदीं मंद होतो किंवा दिसतच नाहीं, असेंही पुष्कळदां घडतें. त्याचें कारण पुन्हां गाळणीच आहे. अवरक्त किरण आंत शिरले तर फोटोंतले रंग बिघडतात, म्हणून ते अडविणारी एक पातळ कांच कॅमेऱ्यांत बसविलेली असते. ज्योतिषी याच्या नेमकें उलट करतात. डोळ्यांस दिसणारा प्रकाश ते दाराबाहेर ठेवतात आणि अदृश्य तेवढा आंत घेतात.

इतका खटाटोप कशासाठीं? तर धुळीसाठीं. प्रकाशलहरींची लांबी मायक्रॉनांत मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जांभळ्या प्रकाशाची लांबी सुमारें ०.४ मायक्रॉन, तांबड्याची ०.७, आणि ज्यास निकट-अवरक्त म्हणतात तो टापू साधारणपणें १ पासून ५ पर्यंतचा. ताऱ्यांच्या मधल्या जागेंत जी धूळ आहे तिचे कण इतके सूक्ष्म असतात कीं, आंखूड लहरी त्यांना अडखळून विखुरतात आणि लांब लहरी बगल देऊन निघून जातात. आपल्या आकाशगंगेचें केंद्र आपणांपासून सुमारें २६,००० प्रकाशवर्षें दूर आहे. तेथून निघालेल्या दृश्य प्रकाशाचे एक लाख कोटी कण घेतले तर वाटेंतल्या धुळींतून पार होऊन आपल्यापर्यंत येणारा कण जेमतेम एक. पण २.२ मायक्रॉनच्या प्रकाशांत दर दहा-पंधरा कणांपैकीं एक सुखरूप येऊन पोहोंचतो. एवढ्या भांडवलावर एरिक बेकलिन व जेरी नॉयगेबावर यांनीं १९६८ सालीं त्या केंद्राचें पहिलें अवरक्त मापन प्रसिद्ध केलें. पुढें राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या दोन स्वतंत्र मंडळ्यांनीं अनेक वर्षें तेथल्या ताऱ्यांचीं स्थानें टिपलीं. एस-२ नांवाचा त्यांतला एक तारा सोळा वर्षांत एका अदृश्य बिंदूभोंवतीं प्रदक्षिणा पुरी करतो. त्यावरून त्या बिंदूंत चाळीस लाखांहून अधिक सूर्यांइतकें द्रव्य कोंडलेलें आहे असें ठरलें, आणि २०२० सालचें नोबेल पारितोषिक या दोघांस रॉजर पेनरोज यांच्यासह मिळालें. या पाहणीचा फार मोठा भाग ‘के’ नांवाच्या गाळणींतून व तिच्या भावंडांतून झालेला आहे.

आतां या ‘के’ची कुळकथा. पृथ्वीवरून अवरक्त आकाश पाहूं गेलें तर पहिली आडकाठी आपल्याच हवेची. हवेंतील पाण्याची वाफ १.४ आणि १.९ मायक्रॉनांच्या आसपास ताऱ्यांचा प्रकाश जवळजवळ गिळूनच टाकते. या बंद भिंतींच्या मधें मधें कांहीं खिडक्या उघड्या आहेत. एक सव्वा मायक्रॉनजवळ, एक १.६५ जवळ, एक २.२ जवळ, आणि त्यापुढें आणखी. अमेरिकेंतील हॅरोल्ड जॉन्सन यांनीं १९६० नंतरच्या वर्षांत या खिडक्यांना ‘जे’, ‘के’, ‘एल’ अशीं इंग्रजी अक्षरांचीं नांवें दिलीं. ‘जे’ आणि ‘के’ यांच्यामधली खिडकी मागाहून वापरांत आली तेव्हां मधें अक्षरच शिल्लक नव्हतें, म्हणून तिला मागलें ‘एच’ मिळालें. वर्णमालेंत आधीं येणारें अक्षर लहरींच्या क्रमांत मधेंच कसें बसलें, हें कोडें नव्या विद्यार्थ्यांस अजूनही पडतें.

दुसरी आडकाठी अशी कीं, अवरक्त प्रकाशांत रात्र काळी नसतेच. सुमारें नव्वद किलोमीटर उंचीवर हायड्रॉक्सिल नांवाचे रेणू रात्रभर मंद झळकत असतात आणि ही झळाळी घटकेघटकेस बदलते. ‘एच’च्या खिडकींत तिचा उपद्रव विशेष. त्यापुढें, २.३ मायक्रॉनांपलीकडे, तिसरेंच संकट उभें राहतें. दुर्बीण, तिचा आरसा, घुमटाची भिंत, उबदार हवा, किंबहुना निरीक्षण करणारा मनुष्य, हे सर्व आपापल्या उष्णतेनें उजळून निघतात. भर दुपारीं, आणि तेंही स्वतः पेटलेल्या दुर्बिणींतून तारे पाहावे, तसला हा प्रकार आहे. म्हणूनच १९९७ ते २००१ या काळांत अ‍ॅरिझोना व चिली येथील १.३ मीटरच्या दोन जुळ्या दुर्बिणींनीं सगळें आकाश पालथें घातलें तेव्हां ‘के’ची लांब बाजू मुद्दाम २.३ च्या सुमारास छाटून टाकली. त्या आंखूड ‘के’स ‘के-शॉर्ट’ म्हणतात. थोडा ताऱ्यांचा प्रकाश गेला, पण त्याहून कितीतरी अधिक ऊष्म्याचा उजेड गेला. १९६९ सालीं प्रसिद्ध झालेल्या दोन मायक्रॉनांच्या पहिल्या यादींत सुमारें ५,६०० ज्योति होत्या. या दुसऱ्या पाहणीच्या यादींत सत्तेचाळीस कोटी भरल्या.

गाळणी स्वतः उबदार राहिली तर तीही झळकणारच. म्हणून तिला थर्मासच्या बाटलीसारख्या निर्वात पात्रांत ठेवून शून्याखालीं दोनशे अंशांच्या आसपास गार करतात. ही चकती घडविण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. पावसाळ्यांत डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा तवंग मोरपिसाऱ्यासारखा चमकतांना सर्वांनीं पाहिला आहे. तवंगाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. कांहीं रंगांत त्या एकमेकींस बळ देतात, कांहींत एकमेकींस मारून टाकतात. गाळणी करणारा कारागीर हाच तवंग कांचेवर बुद्ध्या चढवितो. निर्वात पेटींत तापवून वाफ केलेल्या दोन निराळ्या द्रव्यांचे थर आळीपाळीनें, एकावर एक, असे कित्येक थर. आणि प्रत्येकाची जाडी अभीष्ट लहरीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी. मायक्रॉनाच्या अंशाअंशाचा हा हिशेब आहे, आणि मनुष्याचा केंस पन्नास-शंभर मायक्रॉन जाड असतो. गाळणी गार केली कीं तिचा पट्टा आंखूड लहरींकडे सरकतो, ती तिरपी बसविली तरी तिकडेच सरकतो. तेव्हां कारखान्यांतल्या उबेंत ती जाणूनबुजून थोडी ‘चुकीची’ घडवावी लागते, म्हणजे थंडींत बरोबर ठरते. फार झपाट्यानें गार केली तर थरांस तडे जातात. आमच्या मतें लोणच्याच्या बरणीला तरी एवढे सोवळें लागत नसावें.

गाळणीची खरी परीक्षा ती काय जाऊं देते यापेक्षां काय अडविते यांत आहे. समजा, एक ‘जे’ गाळणी सव्वा मायक्रॉनचा प्रकाश नव्वद टक्के जाऊं देते, उत्तम झालें. परंतु कॅमेऱ्याच्या आंतील इंडियम अँटिमनाइडाचा पडदा पांच मायक्रॉनांपर्यंत पाहूं शकतो, आणि तिकडे दुर्बिणीच्या स्वतःच्या ऊष्म्याचा महापूर लोटलेला असतो. धरणास बोटभर भोक पडावें तसें होतें. त्या टोकाकडून शतांश भाग जरी झिरपला तरी चित्रांत ताऱ्याऐवजीं दुर्बिणीच्या भिंतीचाच उजेड भरतो. म्हणून चांगल्या गाळणीकडून अशी अपेक्षा असते कीं, आपल्या पट्ट्याबाहेरचा प्रकाश तिनें दहा हजारांत एकाहून अधिक जाऊं देऊं नये.

या सर्वांहून बिकट भांडण मात्र पट्ट्याच्या कांठांचें होतें. जुन्या काळीं आपल्याकडे गांवोगांवचा शेर व पायली निराळी असे. एका गांवीं दहा पायली मापून भरलेलें धान्य दुसऱ्या गांवीं साडेनऊच भरे. वाटेंत कोणी कांहीं चोरलेलें नसे. माप निराळें, इतकेंच. अवरक्त ज्योतिषांत कित्येक वर्षें हीच स्थिति होती. प्रत्येक वेधशाळा आपापल्या कारागिराकडून आपली ‘जे’ करवून घेई. नांव एक, पट्टा निराळा. त्यांतून जुन्या ‘जे’चे कांठ इतके पसरट असत कीं, ते खिडकीच्या बाहेर जाऊन वाफेच्या भिंतींत रुतत. म्हणजे गांवोगांवची पायली निराळी असणें तर राहोच, येथें एकाच गांवची पायली दमट रात्रीं एक आणि कोरड्या रात्रीं दुसरी! मग जो आंकडा टिपला तो ताऱ्याचा, कीं त्या रात्रीं वेधशाळेवर लोंबकळणाऱ्या वाफेचा? ज्यास ताऱ्याचें तापमान किंवा त्याच्यापुढील धुळीची जाडी काढावयाची आहे त्याचा सगळा हिशेब ‘जे’ व ‘के’ यांच्या वजाबाकीवर उभा असतो. तेथें शतांशाचा घोळही महाग पडतो. तपकिरी खुजे म्हणून जे अगदीं थंड तारे आहेत त्यांच्या तर स्वतःच्याच वातावरणांत पाण्याची वाफ असते. त्यांच्या बाबतींत नुसती गाळणी बदलल्यानें एक-दोन दशांश प्रतींचा फरक पडतो, आणि एक दशांश प्रत म्हणजे तेजांत सुमारें दहा टक्के. शास्त्रज्ञांनीं परस्परांवर अविश्वास दाखवावा, आणि दोष बिचाऱ्या कांचेचा असावा, अशी ही अवस्था होती.

उपाय दोन होते. १९९४ सालीं यंग, मिलोन व स्टॅग यांनीं असें सुचविलें कीं, गाळण्या इतक्या अरुंद कराव्या कीं त्यांनीं खिडकीच्या चौकटीस शिवूंच नये. मापन निर्मळ झालें असतें. पण प्रकाश घटला असता, आणि दूरच्या मंद ज्योतींवर काम करणारे असें दान सहजासहजीं करीत नाहींत. दुसरा उपाय तडजोडीचा होता, आणि तोच चालला. हवाई बेटांतील मौना केया या सुमारें ४,२०० मीटर उंच पर्वतावर अनेक देशांच्या दुर्बिणी शेजारीं शेजारीं उभ्या आहेत. तेथील डग सायमन्स व अ‍ॅलन टोकुनागा यांनीं पुढाकार घेऊन एकच तपशील ठरविला आणि अनेक वेधशाळांनीं मिळून, एकाच घाण्याच्या, एकसारख्या गाळण्या करवून घेतल्या. विल्यम व्हाका यांच्यासह केलेलें हें काम २००२ सालीं छापून आलें. नव्या ‘जे’चा पट्टा १.१७ ते १.३३ मायक्रॉन, ‘एच’चा १.४९ ते १.७८, ‘के’चा २.०३ ते २.३७, कांठ आंत घेतलेले, वाफेपासून दूर. अरुंद गाळण्यांचा पक्ष तत्त्वतः अधिक शुद्ध होता, हें आम्हांस मान्य आहे. परंतु जें माप सर्वांनीं घरीं ठेवावें असें वाटतें तें थोडें सैल असलें तरी चालतें. कोणीच न वापरलेलें अचूक माप फडताळांतच राहतें. कितीही चांगली गाळणी घेतली तरी वाफ पुरती हटत नाहीं, हें खरेंच. म्हणून तर हे लोक उंच व कोरड्या पर्वतांवर जाऊन बसतात, आणि जेम्स वेब दुर्बिणीस हवेच्या पलीकडेच धाडण्यांत आलें. तिच्या निकट-अवरक्त कॅमेऱ्यांत २९ गाळण्या आहेत, आणि पृथ्वीवर ज्या भिंती बंद असतात त्यांच्या आरपारही तिला पाहतां येतें.

आतां आजोबा व नातवंडें यांच्या तंट्याकडे वळूं. या कॅमेऱ्याच्या पडद्यास रंग कळत नाहींत. त्यास केवळ अधिक-उणा उजेड कळतो. एकाच तेजोमेघाचीं चार-सहा गाळण्यांतून चार-सहा काळींपांढरीं चित्रें घेतात. मग सर्वांत आंखूड लहरींच्या चित्रास निळा, मधल्यांस हिरवा-पिवळा आणि सर्वांत लांब लहरींच्या चित्रास तांबडा रंग देऊन तीं एकावर एक ठेवतात. तेव्हां रंग मागाहून दिलेले, हें आजोबांचें म्हणणें खरें. परंतु ते मनास येईल तसे भरलेले नसून, लहरींचा क्रम डोळ्याच्या क्रमाप्रमाणेंच राखलेला असतो. चित्रांत जो भाग तांबडा दिसतो तेथें खरोखरच लांब लहरींचें आधिक्य असतें, मग तें धुळीमुळें असो वा थंड ताऱ्यामुळें. एखादें गीत स्त्रीच्या पट्टींतून पुरुषाच्या पट्टींत उतरवून म्हटलें तर स्वर बदलतात, चाल बदलत नाहीं. नातवंडांच्या पक्षांत इतकें सत्य आहे.

या विद्येचा आपल्या प्रांताशीं संबंध आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील अवरक्त ज्योतिषाच्या मंडळीनें ‘टिरकॅम-२’ नांवाचा कॅमेरा घडविला. त्याचा पडदा ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा, आणि तो शून्याखालीं सुमारें २३८ अंशांपर्यंत गार केलेला. पुण्याच्या आयुका संस्थेची जुन्नरजवळ गिरवली येथें जी दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे तिच्यावर, तसेंच अबूच्या पहाडावर गुरुशिखर येथें हा कॅमेरा लावून पारखण्यांत आला. पुढें नैनितालजवळच्या देवस्थळ येथें २०१६ सालीं सुरू झालेल्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर तो चढला. त्यांत नेहमींच्या ‘जे’, ‘एच’, ‘के’ तर आहेतच. पण आम्हांस सर्वांत कौतुक वाटतें तें ३.३ मायक्रॉनांच्या जवळच्या एका अगदीं अरुंद गाळणीचें. कर्बाचे षट्कोन एकमेकांस चिकटून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जे मोठे रेणू बनतात ते तापलेल्या ताऱ्यांच्या शेजारीं नेमके या लांबीवर चमकतात. हे रेणू म्हणजे परके कोणी नव्हेत. चुलीच्या काजळींत, धुरांत, तव्यावर करपलेल्या भाकरीच्या काळ्या डागांत याच जातीचे रेणू असतात. नवे तारे जेथें जन्मास येत आहेत तेथें ही काजळी किती व कशी पसरली आहे, याचा नकाशा काढावयाचा हा या कॅमेऱ्याचा मूळ हेतु. ही गाळणी नसेल तर ती चमक ऊष्म्याच्या पुरांत कोठच्या कोठें वाहून जाईल.

पाऊस मात्र येथेंही आड येतो. आकाशगंगेचें केंद्र मध्यरात्रीं डोक्याशीं यावयाचे दिवस म्हणजे ज्येष्ठ-आषाढ, आणि त्याच वेळीं मोसमी ढग आपल्या बहुतेक वेधशाळांचे घुमट मिटवून टाकतात. ज्यांस ती जागा नुसत्या डोळ्यांनीं पाहून ठेवावयाची असेल त्यांनीं चैत्राच्या शुद्ध पक्षांत, चंद्र मावळल्यानंतर, पहाटे चार-साडेचारच्या सुमारास गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे तोंड करावें. मूळ नक्षत्राची, म्हणजे वृश्चिकाच्या नांगीची, वळलेली ओळ सहज ओळखतां येते. तिच्या डाव्या हातास किंचित् वर धनु राशीच्या बाणाचें टोक आहे. या दोहोंच्या मधें, बाणाच्या टोकास लागून, आपल्या अक्षांशांवर क्षितिजापासून सुमारें चाळीस अंश उंचीवर, आकाशगंगेच्या पांढुरक्या पट्ट्यांत धुळीच्या काळ्या फांकी दिसतात. केंद्र त्या काळोखाच्या मागें आहे.